पाठीमागचं पाणी

परत येऊन आज नववा दिवस. बॅगा रिकाम्या झाल्या, कपडे धुऊन कपाटात गेले, ऑफिसात सगळ्यांना बलूनचे फोटो दाखवून झाले. "छान झाली ट्रिप" हे इतक्यांदा म्हटलंय की आता ते आपसूक तोंडातून येतं. खोटं नाही ते. छानच झाली. पण रात्री दिवा मालवला की तुर्कस्तानातल्या आवानोस गावची ती सकाळ समोर येते आणि झोप उडते. वहिनीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अगं, पाणीच ओतलं ना? त्यात एवढं काय?"

खरंच, त्यात एवढं काय. लिहून बघते.

साडेसातला निघायचं होतं. तेयझे, जिच्या घरी मी तीन दिवस राहिले ती म्हातारी, दारात उभी होती, पायात घरातल्याच सपाता, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. नातवाने माझी बॅग टॅक्सीच्या डिकीत ठेवली. तिने माझे दोन्ही गाल आपल्या गालांना लावले आणि "ग्युले ग्युले" म्हणाली. मीही "ग्युले ग्युले" म्हटलं आणि पुढच्या सीटवर बसले. गाडी सुटली. बाहेरच्या आरशात दिसलं, तिने दारामागून निळा प्लास्टिकचा जग काढला आणि गाडी उभी होती त्या जागेवर सगळं पाणी रस्त्यात ओतलं. ओतलं म्हणजे भिरकावलंच. फरसबंदीवरून त्याचा काळा ओघळ आमच्या दिशेने येताना दिसला. मी मान वळवली नाही. गल्ली चांगली लांब होती, वळण यायला अर्धा मिनिट तरी लागलं असेल. त्या अर्ध्या मिनिटात मी एकदाही मागे पाहिलं नाही.

आपल्याकडे माणूस गेल्या गेल्या केर काढत नाहीत. बाहेरगावी निघालेल्याच्या मागे लगेच लादी पुसली तरी आई ओरडायची. आणि पाणी कधी ओततात ते मला माहीत आहे. त्या दिवशी ओटीपासून फाटकापर्यंत कोणीतरी बादल्याच्या बादल्या ओतल्या होत्या. कोणी ओतल्या ते आठवत नाही. पाणी आठवतं.

टॅक्सीत मला रडू आलं. ड्रायव्हरने न बोलता रेडिओ बारीक केला. मनात एकच, की तीन दिवस "किझिम, किझिम" करत होती ही बाई. किझिम म्हणजे माझी लेक. आणि गाडीचं चाक हललं नाही तोवर माझी जागा धुऊन टाकली. मला कोणी धड निरोपच देत नाही, असं काहीबाही डोक्यात येत राहिलं. दादाचं तेव्हाचं बोलणंसुद्धा आठवलं. ते इथे लिहीत नाही.

त्या तीन दिवसांबद्दल मात्र लिहायला हवं, नाहीतर पाण्याला अर्थ नाही.

तेयझे म्हणजे मावशी. हाक कुठल्याही मोठ्या बाईला मारतात, पण शब्दाचा खरा अर्थ आईची बहीण. वडिलांच्या बहिणीला त्यांच्याकडे हाला म्हणतात, म्हणजे आपली आत्या. मावशी आणि आत्या वेगळ्या ठेवणारी भाषा ऐकून मला पहिल्याच संध्याकाळी घरच्यासारखं वाटलं. त्याच संध्याकाळी मी बाथरूमच्या दारात हात चोळून "सोप, सोप" करत होते आणि तिला काही केल्या कळेना. शेवटी थकून मराठीतच म्हटलं, "अहो, साबण!" तर "साबुन!" म्हणत ती लगबगीने आत गेली. मग आमचा तो नादच झाला. हवा तीच हवा. दुकान ते द्युक्क्यान, मैदान ते मेयदान, हिशेब तो हेसाप, हप्ता म्हणजे आठवडा. जवळच्या नेवशेहिरचं नाव ऐकून मी विचारलं, नवं शहर? नातू म्हणाला, हो, तेच. हे शब्द फारसी-अरबीतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. पण पाट्यांवर ते ओळखूच येत नाहीत, कारण १९२८ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष अतातुर्कांनी अरबी लिपी सोडून रोमन अक्षरं आणली. डोळ्यांना परके, कानाला सख्खे.

बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक चौकट होती, आत पिवळा पडलेला, जुन्या लिपीत हाताने लिहिलेला कागद. तिच्या आजोबांचं पत्र. काय लिहिलंय, विचारलं. घरात कोणालाच वाचता येत नाही. पण ती रोज सकाळी त्याची काच पुसायची, फडक्याचं एक टोक तोंडाच्या वाफेने ओलं करून, कोपऱ्यांपासून आत आत. आमच्या माळ्यावरच्या पेटीत पणजोबांचे मोडीतले कागद आहेत. ते शेवटचे कधी काढले होते?

एक शब्द मात्र दोन्हीकडे असूनही वेगळा निघाला. मुसाफिर. आपल्याकडे जो वाटेला लागला तो मुसाफिर. त्यांच्याकडे मिसाफिर म्हणजे पाहुणा. न सांगता दारात आलेल्याला ते तान्री मिसाफिरी म्हणतात, देवाचा पाहुणा. शब्द एकच, पण आपण तो माणसाच्या पाठीकडे बघून म्हणतो आणि ते तोंडाकडे बघून.

दुसऱ्या सकाळी न्याहारीला तिने एका वाटीत ताहिन घातलं, म्हणजे वाटलेले तीळ, आणि वरून पेकमेझ. पेकमेझ म्हणजे द्राक्षांची काकवी. कापादोक्याच्या, म्हणजे आवानोसच्या आसपासच्या भागाच्या, त्या भुरकट मातीत द्राक्षं भरपूर होतात. शरद ऋतूत रस काढून, त्यात थोडी पांढरी माती घालून आंबटपणा मारतात आणि दाट होईस्तोवर कढवतात. ब्रेडच्या तुकड्याने ते दोन्ही कालवून तिने माझ्या हातात दिलं. तोंडात गेलं आणि संक्रांत झाली. तीळ आणि गूळ, दुसरं काय. मी खाता खाता थांबले असणार, कारण तिने विचारलं, "आन्ने?" आई? मी मान हलवली. तेव्हा ती म्हणाली, "बाशिन साऽ ओल्सुन." नातवाने मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं, तुझं मस्तक सलामत राहो. दुखवट्याला हेच म्हणतात म्हणे, सगळे, सगळ्यांना. मागे राहिलेल्यासाठी एक तयार वाक्य. आपल्याकडे समोरासमोर म्हणायला असं काही नाही. लोक आले, बसले, हात धरला, चहा नको म्हणाले आणि गेले. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. त्यांच्याकडे वाक्यच नव्हतं, हे आवानोसला कळलं.

आता बस.

नेवशेहिरहून कोन्याला जाणारी मोठी बस. बाईच्या शेजारी बाईलाच जागा देतात. सुटल्यावर मदतनीस पोरगा प्रत्येकाच्या तळहातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या शिंपडत गेला, आपल्याकडे लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तसं. आक्सारायला एक कॉलेजची मुलगी शेजारी येऊन बसली. तिला इंग्रजी बरं येत होतं. माझे डोळे सुजलेले बघून तिने बिस्किटं पुढे केली, आणि मी काही ओळख ना पाळख, तिला सगळं सांगून टाकलं. पाणी ओतलं, म्हटलं. माझ्या मागे पाणी ओतलं.

ती आधी हसली आणि मग माझा चेहरा बघून गंभीर झाली. म्हणाली, "सु गिबी गित, सु गिबी गेल." पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये. जिव्हाळ्याचं माणूस प्रवासाला निघालं की मागे पाणी ओततात. पाणी जसं कुठे अडत नाही तसं तिचं जाणं अडू नये, आणि तशीच सुखरूप परत यावी. तिची आई तासाभरापूर्वीच ओतून आली होती. हिवाळ्यात त्याचा पायऱ्यांवर बर्फ होतो म्हणून वडील चिडतात, तरी ओततेच.

म्हणजे ते हातावरचं दही होतं. "जाते म्हणू नये, येते म्हण" होतं ते. आणि मी मान वळवली नाही.

कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. उलट झालं. आधी नुसतं दुखलं होतं, आता रुखरुख लागली. त्या मुलीने आणखी एक सांगितलं. "ग्युले ग्युले" मागे राहणारा म्हणतो, हसत हसत जा, अशा अर्थाने. जाणाऱ्याने "होशचा कालिन" म्हणायचं असतं, खुशाल राहा. मी तेयझेलाच "हसत जा" म्हणून आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला. वाटेत सुलतानहानी गाव लागलं. तिथे १२२९ सालची सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादची सराई आहे. त्या काळी अशा सरायांमध्ये वाटसरूला तीन दिवस फुकट ठेवून घ्यायचे. मुलगी सांगत होती आणि मी मनात मोजत होते. मीही तीनच दिवस राहिले होते.

कोन्याला मेव्हलानांच्या, म्हणजे सूफी कवी रूमींच्या समाधीवर गेले. हिरवा घुमट, आत भरजरी वस्त्रांनी झाकलेल्या कबरी, त्यांच्यावर मोठे फेटे. १९२५ मध्ये दर्वेशांचे, म्हणजे सूफी फकिरांचे मठ कायद्याने बंद झाले, आणि १९२७ पासून हे म्युझियम आहे. पण माणसं तळहात वर करून, ओठ हलवत उभी होती, तिकडे कोणी म्युझियम म्हणून बघत नव्हतं. रूमी १७ डिसेंबर १२७३ ला गेले. त्या रात्रीला शब-ए-अरूस म्हणतात, लग्नाची रात्र, कारण ते प्रियतमाला, म्हणजे देवाला, भेटायला गेले. दर डिसेंबरला तिथे त्याचा सोहळा होतो. मी बराच वेळ उभी राहिले आणि माझं मन ते मानेना. जाणाऱ्याचं लग्न असेल. दारात उभं राहिलेल्याचं काय? आळंदीला १२९६ मध्ये माउली समाधीला बसले, तेव्हा निवृत्तिनाथांसारखे निवृत्तिनाथ कळवळले. नामदेवांच्या अभंगांतून आपण ते ऐकत आलोय. मला ते जवळचं वाटतं. गुरू असले तरी थोरले भाऊ होते ते.

आई गेली त्या सकाळी मीही घाईत होते. "जाते गं" म्हटलं होतं. "येते" नाही.

हे लिहून पेन खाली ठेवलं होतं. चहा करून आले.

चहा उकळताना त्या मुलीचंच एक वाक्य आठवलं. मी तिला विचारलं होतं, तू बघितलंस का मागे, आई पाणी ओतत होती तेव्हा? ती म्हणाली, "नाही, मी मोबाइलमध्ये तिकीट शोधत होते." अगदी सहज म्हणाली. तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं, आणि तिच्या आईलाही वाटलं नसणार. पाणी ओततातच मुळी गाडी सुटल्यावर. जाणाऱ्याने बघावं, हात जोडावेत, आभार मानावेत, यातलं काही त्यात धरलेलंच नाही. बघितलं नाही म्हणून ते वाया जात नाही. तेयझेने जग आधीच भरून दारामागे ठेवला होता. माझे गाल धरले तेव्हा तो तिथे होता. मी काय म्हणते, कुठला शब्द चुकवते, वळते की नाही, यावर तिचं काही अडलं नव्हतं.

आई तरी "जाते" ऐकून थांबली असती का? ती आतून म्हणायची तेच म्हणाली असणार. म्हणाली होती. "सावकाश जा गं." मी जिन्यात होते, ऐकू आलं होतं मला.

ऐकू आलं होतं. हे इतके महिने लिहिलं नव्हतं कुठे.

स्वयंपाकघरात तेयझेने दिलेली पेकमेझची बाटली अजून वर्तमानपत्रातच होती. सोडवली. ताहिन नाही घरात, पण तीळ होते. भाजून खलबत्त्यात कुटले. तिच्यासारखं गुळगुळीत नाही झालं, भरड राहिलं. वाटीत घेऊन वरून पेकमेझ ओतलं. उभ्या उभ्याच खाल्लं.

मग नातवाच्या नंबरवर मेसेज केला. मोबाइलवरच तुर्कीत करून. मोठं काही लिहिणार होते, मिसाफिर आणि मुसाफिर, तीळ, संक्रांत, सगळं. ते खोडलं आणि एवढंच लिहिलं: तेयझेला सांग, मी आरशात पाणी पाहिलं होतं. आणि सांग, होशचा कालिन.

त्यांच्याकडे आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतात, म्हणजे रात्रीच्या जेवणाची वेळ असावी. दहा मिनिटांत उत्तर आलं. पाण्याबद्दल काहीच नव्हतं त्यात.

"आजी विचारतेय, बाटली फुटली नाही ना?"