डाव्या हाताचं बीपी

सात आठवडे ताप. संध्याकाळी पाच वाजले की कणकण, रात्री 101, पहाटे घामाने गाऊन भिजलेला. मलेरिया, डेंग्यू निगेटिव्ह. विडाल जरासं पॉझिटिव्ह आलं म्हणून टायफॉइडचा कोर्स झाला. ताप जागचा हलला नाही. ईएसआर, म्हणजे अंगात सूज आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, 112; फारच जास्त. "टीबीच असणार," हे शेजारच्या काकूंनीही सांगून झालं. एक्सरे स्वच्छ.

शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं. उजवीकडे 138, डावीकडे 98. मग गळपट्टीच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. ताकायासू आर्टरायटिस, म्हणजे महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज, असा संशय. 1908 मध्ये मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या पाहून हा आजार मांडला, हे मला रात्री दोनला मोबाइलवर कळलं.

खात्रीसाठी पेट-सीटी, म्हणजे सुजलेला भाग चमकताना दाखवणारा स्कॅन. आणि इथे मी अडकले.

स्टेरॉइड आधी सुरू केलं तर सूज ओसरते, स्कॅनमध्ये चमकायचं ते चमकत नाही. म्हणून डॉक्टर थांबलेले. कॅशलेससाठी विमा डेस्कवर फॉर्म दिला. पहिल्या दिवशी क्वेरी: निदान काय? अहो, ते शोधायलाच तर स्कॅन! दुसऱ्या दिवशी: ताप नेमका कधीपासून, लेखी द्या. तिसऱ्या दिवशी डेस्कवरचा मुलगा जेवायला गेला तो चारला आला. चौथ्या दिवशी उत्तर: निव्वळ तपासणीसाठी दाखल होणं पॉलिसीत बसत नाही. पॉलिसी उघडली, तसं कलम खरंच होतं. चार दिवस मी क्रोसिनवर, आणि हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं? भावाने 18,000 भरले, दुसऱ्या दिवशी स्कॅन.

सहा तास उपाशी जायचं, आणि शाल न्या. स्कॅनआधीच्या इंजेक्शननंतर तासभर गार खोलीत गप्प पडून राहावं लागतं.

महाधमनी आणि डाव्या हाताकडे जाणारी धमनी, दोन्ही पेटल्यासारख्या दिसल्या. प्रेडनिसोलोन, म्हणजे ते थांबवलेलं स्टेरॉइड, सुरू झाल्यावर तिसऱ्या संध्याकाळी पाच वाजले, सहा वाजले, कणकण आलीच नाही. मी थर्मामीटर तीनदा लावला.

एक राहिलंच. त्याआधी दोन दवाखान्यांत डाव्या हाताला मशीनने 'एरर' दाखवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "मशीन बिघडलंय," आणि पट्टा उजवीकडे बांधला. कपडे वाळत घालताना तोच हात भरून यायचा, पण तापाशी त्याचा काय संबंध म्हणून मीही बोलले नाही. बोला. एरर आली तर कागदावर लिहून मागा.

औषधं सुरू झाल्यावरच्या बिलांचा क्लेम टाकलाय. काल त्यांनी पुन्हा विचारलं, ताप नेमका कधीपासून?