सर्कशीचे तंबू : आमची वाटचाल

आम्ही सर्कशीचे तंबू शिवणारे, ताडपत्रीवाले नव्हे. वडिलांनी हा फरक शेवटपर्यंत पाळला. रिंग ४२ फूट व्यासाची, हे या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. धावत्या घोड्यावर उभं राहणाऱ्याला तोल साधावा म्हणून आधुनिक सर्कस सुरू करणाऱ्या फिलिप अ‍ॅस्टलीच्या काळात लंडनमध्ये बसलेलं माप. बाकी सगळी मदार कापड, दोर आणि शिवणीवर. वडिलांचं दाभण अजून माझ्या टेबलावर असतं. मेण ओढलेल्या दोऱ्याने खांबाच्या कड्याभोवती ते चामड्याची पट्टी शिवायचे, ती कापड विरलं तरी सुटायची नाही. मशीनला ते जमत नाही, कुणी काहीही सांगो.

बरीच वर्षं बरी गेली. मग आमच्याच हाताखाली शिकलेल्या एकाने कारखाना काढला आणि भाव पाडला. कॅनव्हास जाऊन पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं कापड, आलं होतं, ते आम्हीही घेतलं. पण त्या शिष्याचं कापड आगरोधक नव्हतं. मी प्रत्येक सर्कसमालकाला अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या आगीची गोष्ट सांगायचो. १९४४ साल, पाणी झिरपू नये म्हणून तंबूला पॅराफिन आणि पेट्रोल चोपडलेलं. भर खेळात पेटला, दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यात पोरं किती! मालक हळहळायचे आणि ऑर्डर त्यालाच द्यायचे. कारागिरांचे पगार थकले, कापड जोडायचं वेल्डिंगचं मशीन विकायला काढलं.

एक म्हातारे मालक तेवढे आले. दोघांच्या कापडाचे तुकडे मागितले, पेटवले. काडी बाजूला नेल्यावर आमचा विझला, त्याचा थेंब थेंब गळत जळत राहिला. त्यांनी तिथेच आगाऊ पैसे मोजले. नव्या लोकांनो, प्रमाणपत्र बघाच, पण तुकडाही जाळून बघा. आणि आयलेट, म्हणजे दोर ओवायच्या भोकाची कडी, पितळीच घ्या, लोखंडी गंजून कापड खातं.

प्राणी गेले म्हणून सर्कस गेली, हे मला निम्मंच पटतं. अमेरिकेतली मोठी रिंगलिंग सर्कस २०१७ मध्ये बंद पडली ती हत्ती काढल्यानंतर, खरं; पण २०२३ मध्ये प्राण्यांशिवाय परत उभी राहिलीच की. शिवाय तिने तंबू १९५६ लाच सोडला होता. तंबूवाल्यांना मारलं ते मैदानांनी. गावात मोकळी जागा उरली नाही आणि आमच्याकडची चार खांबांच्या तंबूंची मागणी दोन खांबांच्या तंबूंवर आली.

तो आमचा शिष्य आता मंडप भाड्याने देतो. कापड अजून तेच वापरतो म्हणे.