अर्धा तास म्हणजे ०.३० नव्हे

५९ तास २० मिनिटं. हा आकडा आता मला कोणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या एका कारखान्यात रात्रपाळीला असताना एका महिन्यात माझा एवढा ओव्हरटाइम झाला, आणि पगाराच्या पट्टीवर छापून आलं ५४.४०. जादा तासाचा दर १२० रुपये, साध्या ६० च्या दुप्पट. ७१२० रुपये यायला हवे होते, आले ६५२८. हे ५९२ रुपये गेले कुठे ते मला एका रात्रीत कळलं. समोरच्या माणसाला कळायला सोळा दिवस लागले.

रोजचा हिशोब सोपा आहे. रात्रपाळीत मध्येच बारा वाजतात, म्हणून सुटायच्या वेळेत २४ मिळवायचे, बस. एका सोमवारी मी १९:५० ला पंच केलं आणि सकाळी ६:३५ ला बाहेर पडलो. ६:३५ चे झाले ३०:३५. पस्तिसातून पन्नास जात नाहीत, म्हणून एक तास मोडायचा. शाळेत दशक मोडला की १० मिळायचे, इथे ६० मिळतात. २९ तास ९५ मिनिटं वजा १९:५०, उरले १०:४५. पाळीचे आठ गेले, ओव्हरटाइम २:४५.

घोळ झाला बेरजेत. ठेकेदाराच्या ऑफिसात हिशोबाला एक आप्पा बसायचे, अमळनेरकडचे, माणूस वाईट नाही. ते २:४५ ला २.४५ लिहायचे आणि कॅल्क्युलेटरवर बेरीज मारायचे. त्या आठवड्याचे माझे सहा आकडे होते २:४५, १:५०, ३:३५, २:४०, १:५५, २:५०. आप्पांची बेरीज १३.७५, म्हणून १६५० रुपये. आता नीट करू. तास ११. मिनिटं २७५, त्यांना ६० ने भागलं की ४ तास आणि वर ३५ मिनिटं. एकूण १५:३५, म्हणजे १८७० रुपये. एका आठवड्यात २२० रुपयांचा खड्डा.

कॅल्क्युलेटरला वाटतं टिंबानंतर शंभराचे भाग आहेत. ०.४५ तास म्हणजे त्याच्या लेखी २७ मिनिटं. थोडक्यात, आपल्या प्रत्येक मिनिटाचे तो ३६ सेकंदच धरतो. मिनिटांचे शेकडा ४० तिथेच गळतात.

हे मी आप्पांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, “भाऊ, कॅल्क्युलेटर खोटं बोलस का?” दुसऱ्या दिवशी, साहेब आल्यावर बघू. तिसऱ्या दिवशी साहेब आले, आप्पा जेवायला गेलेले. मी रात्रभर मशीनवर उभा राहून सकाळी पावणेसातला सुटायचो आणि ऑफिस उघडायचं दहाला. गेटसमोरच्या टपरीवर तीन-तीन चहा ढोसून बसायचं, डोळे चुरचुरताहेत, आणि आत गेलं की तेच, “बेरीज तर बरोबर शे!” बेरीज बरोबरच होती हो. पैशांची असती तर.

सहाव्या का सातव्या दिवशी मी शहाणपणा केला. ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या एका मित्राच्या दुकानात जाऊन महिन्याच्या बावीसही नोंदी एक्सेलमध्ये टाकल्या, बेरीज काढली, न बघता प्रिंट मारली आणि आप्पांपुढे ठेवली. खाली एकूण होते ११:२०. आप्पा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “मी तर तुला चोपन्न दिले. तुझ्या कागदावर अकराच आहेत. बाकीचे परत करतोस का?” अख्खं ऑफिस हसलं.

म्हणून सांगतो. एक्सेल वेळ दिवसाच्या भागात साठवतं, एक तास म्हणजे एक चोविसांश. बेरीज २४ च्या पुढे गेली की पूर्ण दिवस दाखवतच नाही. माझ्या ५९:२० मधले दोन दिवस, म्हणजे ४८ तास, असे लपले होते. ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये ‘कस्टम’ला जाऊन तासाचा एच चौकोनी कंसात टाकला की खरी बेरीज दिसते. पैसे काढायचे तर त्या बेरजेला आधी २४ ने गुणायचं, मग दराने. आणि रात्रपाळीची वजाबाकी केल्यावर नुसते ##### दिसले तर घाबरू नका, वेळ उणे झाली आहे. सुटायच्या वेळेत १ मिळवा, तो १ म्हणजे एक दिवस.

आमचा तालुका चाळीसगाव. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तो आमच्याच पाटणला. तशा गावाजवळचा मी, आणि मला एक बेरीज पटवता येईना! रविवारी घरी चिडचिड चालली होती तेव्हा बापू पंचांग चाळत होते. म्हणाले, “साठ पळांची घटका, साठ घटकांचा दिवस. यात शंभर कुठून आलं? त्याला अर्ध्याचं विचार.”

सोमवारी विचारलं. “आप्पा, अर्धा तास कसा लिहाल?” त्यांनी लिहिलं ०.३०. “अजून एक अर्धा मिळवा.” ०.६०. “दोन अर्धे मिळून एक झाला का?” आप्पांनी कॅल्क्युलेटर पुसून पुन्हा मारलं. पुन्हा ०.६०. १२० ने गुणलं, ७२ रुपये. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग ड्रॉवरमधून फूटपट्टी काढून रजिस्टरमध्ये पेनने उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मिनिटे’.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. पंचिंगच्या यादीचा फोटो दर आठवड्याला काढून ठेवा. मागच्या दोन महिन्यांचं मला काहीच मागता आलं नाही, कारण त्या पगाराच्या पट्ट्या मी फेकून दिल्या होत्या. मशीन सेकंदही छापतं, पण त्यावरून भांडू नका. बावीस नोंदींत प्रत्येकी मिनिटाच्या आतलंच जातं, म्हणजे फार तर ४४ रुपये. मी एकदा तेही काढून बघितलं होतं, आणि आप्पांनी हातच जोडले.

फरक पुढच्या पगारात आला. आप्पांनी २० मिनिटांना ६० ने भागून ०.३३ धरले, म्हणून खात्यात जमा झाले ५९१ रुपये ६० पैसे. उरलेल्या ४० पैशांसाठी मी दहा वाजेपर्यंत टपरीवर बसलो नाही.