बेचा पाढा, पण किंचित चुकलेला

गुरूचे चंद्र बघायला भारीतली दुर्बीण लागत नाही, पक्षी बघायची साधी दुर्बीण हात न हलवता धरता आली की झालं. गुरूच्या आजूबाजूला एका ओळीत चार ठिपके: आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. मी रोज वहीत ते ठिपके काढायला लागलो, गॅलिलिओनं जानेवारी 1610 मध्ये हेच केलं होतं, फक्त त्याला काही माहीत नव्हतं आणि मला मोबाईलवर सगळं आयतं.

तर आयतं मिळालेलं असं की आयोची एक फेरी 1.769 दिवसांची, युरोपाची 3.551, गॅनिमीडची 7.155. अरे, हा तर बेचा पाढा! सगळीकडे 1:2:4 असंच लिहिलेलं असतं. मी मात्र (सवय वाईट) भागाकार करून बघितला, तर 2 येतच नाही, 2.007 येतं आणि पुढचं 2.015. हिरमोड झाला.

मग दिवस सोडले आणि रोज कोण किती अंश सरकतो ते मांडलं. आयो 203.489, युरोपा 101.375, गॅनिमीड 50.318. आयोतून युरोपाची दुप्पट वजा केली, उरले 0.739. युरोपातून गॅनिमीडची दुप्पट वजा केली... 0.739! म्हणजे चुकतायत, पण दोघंही अगदी सारखंच चुकतायत. खरं सांगतो, उठून घरात एक चक्कर मारून आलो.

ह्याचं गणित लाप्लास ह्या फ्रेंच गणितज्ञानं अठराव्या शतकातच सोडवून ठेवलंय म्हणा. ह्या नात्यामुळे तिघं गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत, दोघं जुळले की तिसरा हमखास दुसरीकडे. आणि ह्या ठरावीक भेटींतल्या ओढाताणीमुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होऊच शकत नाही, तो कधी गुरूच्या जवळ कधी लांब, त्यामुळे सतत पिळला जातो, आतून तापतो. मार्च 1979 मध्ये तीन शास्त्रज्ञांनी हे छापलं आणि काही दिवसांतच व्हॉयेजर 1 ह्या अंतराळयानाच्या फोटोत आयोवरचा ज्वालामुखी उसळताना दिसला! टक्काभरही नसलेल्या गडबडीतून ज्वालामुखी, बोला.

राहिला कॅलिस्टो. 16.689 दिवस. गॅनिमीडनं भागलं तर 2.33, म्हणजे साताला तीनच्या आसपास, बऱ्यापैकी जवळ, पण तो ह्या तिघांच्या खेळात नाही. माझ्या वहीतही तोच सगळ्यात लांब, कधीकधी पानाच्या समासात.