चवथीचा चार्ट

रविवार, रात्री. फोंडा.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की वेर्ण्याच्या आमच्या औषध कारखान्यात मशीनपेक्षा माणसांचं गणित अवघड होतं. गोळ्यांची लाइन थांबत नाही, आणि गोव्यातला माणूस चवथीला मूळ घरी गेल्याशिवाय राहत नाही. शिफ्ट इन्चार्ज झाले तेव्हा मी ड्युटीचा चार्ट मीटिंगमध्ये वाचून दाखवायचे. सगळे "चालेल मॅडम" म्हणायचे आणि ऐन दिवशी निम्म्यांचे फोन बंद. नोंदीत कारण ठरलेलं: बेशिस्त.

खरं तर आमच्या धंद्यात असलं कारण खपत नाही. बॅचमध्ये काही बिघडलं की 'ऑपरेटरची चूक' लिहून फाइल बंद करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण युरोपचे जीएमपी, म्हणजे औषधं नीट बनवण्याचे, नियम सांगतात, माणसावर बोट ठेवण्याआधी प्रक्रियेत, लेखी सूचनांत किंवा यंत्रणेत दोष नाही ना, ते बघा. गोळ्यांना लावतो तो न्याय हजेरीला का नको? रोजनिशीची जुनी पानं चाळताना हे सुचलं. दर चवथीच्या नोंदी सारख्याच, नावं तेवढी वेगळी. माणसं बदलूनही गोंधळ तोच होत असेल, तर खोट चार्टात आहे.

म्हणून आता एकेकाला गाठून विचारते, तुमचा गणपती दीड दिवसाचा, पाच की सात? दीड दिवसवाला तिसऱ्या दिवशी खुशाल कामावर येतो. सासष्टीतला ख्रिस्ती सहकारी चवथीची शिफ्ट घेतो, पण नाताळची सुट्टी आताच लिहून मागतो, आणि बरोबरच करतो. वयानं मोठ्या काकांना चारचौघांत विचारलेलं रुचत नाही. त्यांच्याशी बसमध्ये, बोरीचा पूल येईपर्यंत बोलणं उरकतं.

मध्यंतरी पणजीला एका प्रशिक्षणात "स्वतःसारखे राहा" हे दिवसभर ऐकवलं. ऐकायला बरं. पण "मी अशीच आहे, तोंडावर बोलते" असं म्हणणारी माणसं बहुतेक वेळा नवीन काही शिकायचं टाळत असतात, असं माझं मत. तोंडावर बोलणं मी सोडलेलं नाही. हातमोज्यांशिवाय कोणी लाइनवर दिसला तर काकाही सुटत नाहीत. रजेच्या बाबतीत मात्र आधी ऐकून घेते. दोन्हीकडे असते ती मीच.

जुन्या गावकरीत, म्हणजे गोव्यात गावाचा कारभार बघणाऱ्या मूळ घराण्यांच्या संस्थेत, ठराव एकमतानं व्हायचे, एका गावकाराच्या नकारानं अडायचे. १५२६ साली पोर्तुगिजांनी गावकरीच्या चालीरीती लिहून काढल्या. कारखाना असा एकमतानं चालवला तर एक गोळी बाहेर पडणार नाही! पण तिथला नकार समोर बसून तरी यायचा, फोन बंद करून नाही.

ओडिशाच्या मुलांना मी चवथीची हक्काची माणसं धरत आले. परवा त्यांच्यातल्या एकानं कचरत सांगितलं, पंचमीला त्यांचा नुआखाई, नव्या तांदळाचा सण. मी बघतच राहिले. आमचीही त्याच दिवशी नव्याची पंचमी, भाताची नवी कणसं घरात येतात! एकाच लाइनवर उभे राहतो, पण कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. बॅच रेकॉर्डमध्ये आकडा खोडायचा तर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. 'ओडिशाची मुलं चवथीला मोकळी' या रोजनिशीतल्या ओळीवर आज तशीच रेघ मारली.

आता पंचमीची रात्रपाळी रिकामी पडली. उद्या प्लॅनिंगच्या साहेबांना विचारायचं, त्या दिवशी नवी बॅच न लावता मशीनची देखभाल उरकून घेता येईल का. आधी नाहीच म्हणतील. कुणाचा सण कधी, ते कागदावर मांडून दिलं तर कदाचित दुसऱ्यांदा ऐकतील. तोवर त्या रात्रीपुढे पेन्सिलीनं माझंच नाव लिहून ठेवलंय. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.