आत्याचा प्रश्न

"डॉक्टर, ऑपरेशन यंत्र करणार, मग तुम्ही कुठे असणार?" आत्यानं आज थेटच विचारलं. दांडिया बाजारातून निघाल्यापासून गप्प होती.

डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला. ऑपरेशनच्या टेबलापासून चार पावलांवर कन्सोल, म्हणजे यंत्र चालवायची जागा, त्यात डोकं घालून बसलेले डॉक्टर. पायात नुसते मोजे! पायाखालची पेडल नीट जाणवावीत म्हणून बूट काढतात म्हणे. "यंत्र आपणहून काही करत नाही, आजी. माझा हात हलला तरच त्याचा हलतो."

अमेरिकेत दा विंची या ऑपरेशनच्या रोबोट यंत्राला २००० साली परवानगी मिळाली, वगैरे मी वाचून गेले होते. आत्या मात्र त्या मोज्यांकडेच बघत राहिली.

रिक्षात म्हणाली, "म्हणजे माणूसच आहे की." मग हळूच, "पण भूल देताना माझा हात कोण धरेल गं?"

तेवढं विचारायचं राहूनच गेलं. मला आत थांबू देतील का?