मळ्यात बंद, दुकानात चालू

दुकानात आणलं की चालू आणि घरी नेलं की बंद, असलं मशीन कुठल्याच रिपेअरवाल्याच्या वाट्याला येऊ नये. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही, पण ह्याला काही कळत नाही हे त्यानं मनात ठरवून टाकलेलं असतं.

हे मशीन, कॉम्प्युटरचं, तर कोरं करकरीत. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घर कंग्राळीच्या पुढं मार्कंडेय नदीच्या काठाला मळ्यात. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बेंगळूरच्या एस. पी. रोडवरून मित्राकरवी मागवलेला, रॅम ऑनलाइन, कॅबिनेट पुण्याच्या तपकीर गल्लीतलं. बेळगावचं हे असंच आहे. दोन्हीकडचा माल इथं येऊन एका डब्यात बसतो आणि बिघडला की दोन्हीकडचे दुकानदार सारखेच लांब पडतात. जोडलं होतं त्यानं स्वतःच, व्हिडिओ बघून. जोडणी मात्र अशी, की वायरी मागच्या बाजूनं नेऊन टायनं बांधलेल्या. माझ्याकडचा कामाचा पोरगासुद्धा एवढं नीट करत नाही.

तक्रार अशी, की बटण दाबलं की प्रोसेसरचा पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. बोर्डावरचा बारका दिवा मात्र जळत असतो. गावातल्या एका दुकानदारानं व्हॉट्सॲपवर हे बघूनच मदरबोर्ड गेल्याचं सांगून नव्या बोर्डाचा भावही काढला होता. असं सांगायला ना हात लागतो, ना मीटर, नुसता अंगठा लागतो. घरी बापानं ते ऐकलं आणि पोरानंच जोडताना बोर्ड जाळला म्हणून त्याला फैलावर घेतलं.

माझ्या टेबलावर पहिल्याच दाबाला मशीन सुरू झालं.

असं झालं की हसून परत पाठवायचं नसतं. जे कधी चालतं आणि कधी नाही, त्यात कुठंतरी काहीतरी ढिलं किंवा चिकटलेलं असतं, असं धरून चालायचं. बोर्ड बाहेर काढला. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड उचलून धरणारे पितळेचे बारके खुंट, स्टँडऑफ असतात. बोर्ड लहान आणि कॅबिनेट मोठं असलं की एखादा जादा स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट होतो. नव्या जोडणीत हा रोग नेहमीचा. इथं तो नव्हता. प्रोसेसरची वेगळी बारा वोल्टची पिन घट्ट बसलेली. पुढचं बटण आत अडकून राहिलं तर मशीन सुरू होऊन चारेक सेकंदांनी बंद पडतं, अर्ध्या फेऱ्यात नाही, म्हणजे तेही निर्दोष. बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं बटणाच्या दोन पिना जोडल्या, सुरू. चोवीस पिनांच्या जोडणीतली स्टँडबायची, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणारी, जांभळी वायर मीटरवर बरोबर पाच वोल्ट दाखवत होती. वायरी हलवून, ओढून, दाबून झाल्या. रात्रभर चालत ठेवलं. सकाळी पोरगा घेऊन गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन, "अण्णा, परत तसंच करूलालंय."

दुकान बंद करून मीटर खिशात घातला आणि गाडी काढली.

घर शेतातच, खांबावरून आलेल्या लाइनीच्या अगदी टोकाला. आत टीव्ही चालू, एलईडी बल्ब लख्ख, पोराच्या आईचा मोबाईल चार्जिंगला. चुलता म्हणाला, "टीव्ही चालूलालाय की, मग ह्येलाच काय झालंय?" प्रश्न रास्त होता. पण मी वर बघत होतो. छताचा पंखा एवढा दमानं फिरत होता की पाती मोजता आली असती.

भिंतीवरच्या स्विचबोर्डात मीटर घातला. १५८ वोल्ट. लाइन २३० ची. बाहेर बोअरची मोटार चालू होती, आणि आजूबाजूच्या मळ्यांतल्याही, सगळ्या एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर.

कॅबिनेटचं झाकण काढून एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, लेबल वाचलं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, आणि इनपुटपुढं बारीक अक्षरात लिहिलेलं, २०० ते २४० वोल्ट. मोबाईलच्या चार्जरवर बघा, १०० ते २४० असतं. टीव्हीत आणि एलईडीतही तसंच पोट मोठं असतं. म्हणून घरात सगळं चालतं आणि करंट बरा आहे असं सगळ्यांना वाटतं.

आत काय होतं ते पोराला तिथंच सांगितलं. एसएमपीएस आलेला करंट आधी डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवतो. २३० ला तिथं सव्वातीनशेच्या आसपास वोल्ट बसतात, १५८ ला जेमतेम सव्वादोनशे. पाच वोल्टच्या स्टँडबायला तेवढं पुरतं, म्हणून बोर्डावरचा दिवा जळतो. बटण दाबलं की मोठा भाग जागा होतो, लोड पडतो, कपॅसिटर आणखी खाली बसतो आणि संरक्षणाचं सर्किट सगळं तोडून टाकतं. तोच अर्धा फेरा.

बापाला हे पटेना. मग त्यांच्याकडून मोटार बंद करवली. मीटर चढला, पण १७४ लाच अडकला, शेजाऱ्यांच्या चालूच होत्या. शेजाऱ्याला हाक मारली तर तो म्हणाला, "कोबीला पाणी सोडलंय, कॉम्प्युटरला नव्हं." शेवटी मोटारींना लागणारी थ्री फेज लाइन जायची वाट बघत चहा पीत बसलो. थ्री फेज गेली, आकडा २१४ वर गेला, पोरानं बटण दाबलं आणि मशीन सुरू. बाप काही बोलला नाही. पोरगा मात्र त्याच्याकडं बघत उभा राहिला बराच वेळ.

१०० ते २४० वाला एसएमपीएस बसवून दिला. सगळ्या मोटारी चालू असतानाही आता पहिल्या दाबाला उठतो. व्होल्टेजचं लाइनमनला सांगून बघा म्हटलं, तर त्यांनी आधीच सांगितलेलं. तो येऊन दुपारी, थ्री फेज नसताना मीटर लावून गेला होता. "बराबर ऐत्री," म्हणाला. त्या वेळेला बरोबरच असणार.

जुना एसएमपीएस माझ्याकडंच पडला. मोटार रिवाइंडिंगवाल्याचा डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचं यंत्र, आणून त्याच्यावर लोड टाकून बघितला, एकशे ऐंशीच्या खाली आला की मान टाकतो. म्हणजे तोही खराब नाही, लेबलाला जागतो. मग सारखं डोक्यात येतं, की अशा मळ्यांतून बोर्ड गेला म्हणून किती बोर्ड कंपनीला जात असतील, तिथं दोनशे तीसवर चालून काही दोष नाही अशी चिठ्ठी लागून परत येत असतील, आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देत असेल.

ज्यानं बोर्ड गेला म्हटलं होतं त्याला परवा चहाच्या टपरीवर गाठून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बोर्ड विकला नाहीस होय तू?"